समोरची दोरी

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये परवा एक कागद चिकटवला गेला. दर्शनी बाजूच्या बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, रहिवाशांनी सहकार्य करावे. खाली सचिवांची सही. मी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, वर आले, बादलीतला पलंगपोस झटकला आणि दर्शनी बाजूच्या बाल्कनीतच वाळत घातला. चार चिमटे लावले. जबलपुरात डिसेंबरचं ऊन दक्षिणेकडून कलतं येतं आणि आमच्या घराची दक्षिण नेमकी रस्त्याकडे आहे. मागच्या बाल्कनीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, तिच्यावर बारा महिने शेवाळ असतं. तिथे वाळलेल्या कपड्याला कुबट वास येतो. इमारतीच्या शोभेसाठी या वयात कुबट वास अंगावर वागवायला मी तयार नाही.

मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. "आई, मशीन में ड्रायर है न. काहून झगडे करून राहिली?" त्याचं मराठी असं चार शब्दांपुरतंच उरलं आहे, आणि ते चार शब्द तो मला गप्प करायला वापरतो. मी म्हटलं, ड्रायरने पाणी जातं बाबा, ऊन येत नाही. त्याला ते कळलं नसावं. ऊन लागलेल्या कपड्याला एक वास असतो, भाजलेल्या धान्यासारखा. हिवाळ्यात तो जास्त येतो. सकाळी आठपर्यंत धुकं असतं, दोऱ्यांवर दंव लोंबत असतं, आणि मग अर्ध्या तासात सगळं लख्ख होऊन जातं. असं लख्ख झालं की मला एकाहत्तर सालचा हिवाळा आठवतो. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. लोकांना त्या हिवाळ्यातलं युद्ध आठवतं. मला आमच्या क्वार्टरसमोरची दोरी आठवते.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कारखान्याची वसाहत होती, एकासारखे एक क्वार्टर, दारात एकेक पेरू नाहीतर शेवगा. आमच्या ओळीत मराठी घर आमचं एकटंच. शेजारी तिवारी चाचा आणि चाची, आणि पुढे सगळी हिंदी बोलणारी माणसं. चाचा आणि बाबा एकाच खात्यात कामाला. भोंगा झाला की दोघे सायकली काढून बरोबर निघत. आत काय काम करतात ते घरी सांगायचं नाही, असं कागदावर लिहून दिलेलं होतं. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं होतं की कँटीनमध्ये भाजी कोणती होती तेही ते सांगत नसत. आई म्हणायची, "तुमची भेंडी पण सरकारी गुपित आहे का जी?"

क्वार्टरच्या मागे अंगण होतं, पण तिथे एका जुन्या चिंचेची सावली दिवसभर पडायची. म्हणून आईने राहायला आली त्याच वर्षी दोरी समोर बांधली. शेवग्यापासून विजेच्या खांबापर्यंत, रस्त्याच्या अगदी कडेने. बाकीच्या बायका समोर फक्त साड्या आणि चादरी घालत. आतले कपडे, जुनेर, फाटकं-तुटकं सगळं मागे. आई सगळं समोर घालायची. बाबांना ते आवडत नसे. "लोकं पाहून राहतात," ते म्हणायचे. "पाहू द्या नं," आई म्हणायची, "धुतलेलंच आहे."

तिचं धुणं पाहण्यासारखं असायचं, हे मी लेक म्हणून सांगत नाही, सगळी ओळ सांगायची. ती वर्ध्याकडची, तिच्या आईकडून शिकून आलेली. विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही म्हणून ते फक्त भिजवायला घ्यायचं, साबणाला नळाचंच पाणी. कॉलर आणि बाह्यांची टोकं आधी रिठ्याच्या पाण्यात. हे रिठे कुंडमच्या जंगलातून एक म्हातारी आणायची आणि आई तिला दर वेळी ओसरीवर बसवून चहा द्यायची. पांढरं सोड्यात उकळायचं, पण एक उकळी आली की हंडा खाली, नाहीतर सूत मरतं. नीळ फडक्यात बांधून शेवटच्या पाण्यात फिरवायची, पाणी तळहातावर घेऊन बघायचं, आणि हाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की समजायचं, आपण वेडेपणा केला, नीळ जास्त झाली. चादर पिळायला मी एका टोकाला, ती दुसऱ्या. ती उजवीकडे पीळ द्यायची, मी डावीकडे. माझे हात आखडायचे, पण मी सोडायची नाही, कारण सोडलं की "गेली ताकद?" असं ती हसून विचारायची. मग झटकणं. आवाज झाला नाही तर तिच्या लेखी ते झटकणं नव्हेच. शर्ट खालच्या कडेने टांगायचा म्हणजे खांद्याला चिमट्याचे वण पडत नाहीत. रंगीत उलटं करून सावलीत, पांढरं सुलटं उन्हात. आणि अगदी कोरडं व्हायच्या आत काढून, ओढून, घडी करून गादीखाली. बाबांच्या शर्टाला आमच्या घरी इस्त्री अशी कधी लागलीच नाही.

तिला डागांची भीती नव्हती. तेल, शाई, जांभूळ, रक्त, लोखंडाचा गंज, प्रत्येकाची खोड तिला ठाऊक होती. हळदीचं तर ती हसण्यावारी न्यायची. हळदीला साबण लागला की ती लाल होते, नवी सून घाबरते, आणखी साबण घासते. घाबरायचं नसतं. धुऊन उन्हात टाकायचं आणि विसरून जायचं. दोन दिवसांत ऊन तिला खाऊन टाकतं. "हळद उन्हाला भिते," हे आईचं वाक्य मी नंतर माझ्या वर्गात कितीदा तरी वापरलं. मी पुढे रसायनशास्त्र शिकवलं, तीस-एक वर्षं. पण त्यातला पहिला आणि खरा प्रयोग मी प्रयोगशाळेत पाहिला नाही. तो या दोरीवर पाहिला.

त्या वर्षी पावसाळा सरता सरताच कारखान्याचे भोंगे बदलले. सुट्ट्या बंद, पाळ्या लांबल्या. वसाहतीत मैदानावर खंदक खणले गेले आणि आम्ही मुलं त्यात लपंडाव खेळलो. खिडक्यांना काळा कागद लागला. अंधार पडायच्या आत दोरीवरचं पांढरं सगळं उचलायचं, विमानातून दिसतं, असा हुकूम आला. आईने तो पाळला. तो हुकूम तिला पटला होता, आणि पटलेलं ती पाळायची.

दसऱ्याच्या आसपास बाबांच्या टॉवेलवर पहिल्यांदा पिवळं आलं. मग बनियनच्या गळ्यावर. मग उशीच्या अभ्र्यावर, डोकं टेकतं तिथे, एक गोल. कामाचे कपडे कारखान्यातच राहत, तिथेच धुतले जात. म्हणजे हा रंग कपड्यांवरून येत नव्हता, अंगावरून येत होता. आईने विचारलं. बाबा म्हणाले, "हाताला लागलं होतं. हळद लावली."

"आणि डोक्याला?"

"खाज सुटली होती, तिथे पण लावली."

आईने विश्वास ठेवला. का ठेवू नये? तिने अभ्र्याला साबण लावला आणि पिवळ्याचं लाल झालं, थेट हळदीसारखं. ती मला हाक मारून म्हणाली, "ये पोट्टी, पाहून घे. तुझ्या बाबांना पुन्हा लग्नाची हळद लागून राहिली." आम्ही दोघी खूप हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

ऊन कडक होतं. अभ्रा दोन दिवस दोरीवर राहिला. तिसऱ्या दिवशी आईने तो उतरवला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. डाग गेला नव्हता. तो भुरकट झाला होता. तिने सोडा वाढवला, लिंबू चोळलं, शेण लावून दंवात हिरवळीवर पसरून पाहिलं. डाग प्रत्येक उन्हानंतर थोडा अधिक गडद होत होता. घरात रोज नवा गोल येत होता आणि जुना जात नव्हता. आई चिडचिडी झाली. मला वाटलं, तिला हरायची सवय नाही म्हणून.

मग एक दिवस तिने बाबांचं जुनं धोतर काढलं आणि त्याचे टीचभर दोन तुकडे फाडले. एक तुकडा तिने त्या रात्री बाबांच्या उशीवर घालून ठेवला. दुसऱ्यावर सकाळी स्वयंपाकघरातली हळद ओली करून चोळली. दोन्हींना एकच साबण, एकच पाणी. दोन्ही लाल झाले. दोन्ही तिने समोरच्या दोरीवर शेजारी शेजारी टांगले आणि मला म्हणाली, "शाळेतून आली की रोज पाहायचं, आणि मला सांगायचं. मी नाही पाहणार. माझ्या डोळ्यात आधीच भरलं आहे, मला खोटं दिसेल." पुढे विज्ञानाची पुस्तकं शिकवताना मला या वाक्याची किंमत कळली. तेव्हा मी फक्त पाहिलं. पहिल्या दिवशी दोन्ही सारखे. दुसऱ्या दिवशी हळदीचा तुकडा फिका. तिसऱ्या दिवशी तो पांढरा, आणि त्याच्या शेजारी बाबांचा तुकडा गुळासारखा तपकिरी.

मी सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. बाहेर येऊन दोन्ही तुकड्यांसमोर उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कायला?" आणि पदर तोंडावर धरला.

त्या दिवशी बाबा जेवायला बसले तेव्हा आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. कानशिलावरचे केस तांबूस झाले होते. नखांच्या कडा पिवळ्या. ते अर्धी भाकरी ठेवून उठत होते, सगळंच कडू लागतं म्हणत होते, आणि डोळ्यांच्या पांढऱ्यातही ते आलं होतं, किंचित. आम्ही ते रोज पाहत होतो आणि पाहिलं नव्हतं. आईने दोन्ही तुकडे त्यांच्या ताटाशेजारी ठेवले.

"ही हळद नाही."

बाबांनी तुकडे ताटापासून दूर सारले.

"काय भरून राहिले जी तुम्ही तिथे?"

"सांगता येत नाही. तुला माहीत आहे."

"मग नका सांगू. त्या खात्यातून निघा."

"लढाई सुरू आहे," बाबा म्हणाले, "सीमेवर पोरं मरून राहिली आणि मी जाऊन सांगू की माझी उशी खराब झाली?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ते मनापासून बोलत होते. त्या दिवसांत आजारी पडणं म्हणजे पळून जाणं होतं, निदान आमच्या ओळीतल्या पुरुषांना तसं वाटायचं. दवाखान्याची पायरी कोणी चढत नव्हतं.

मला आज त्या दोघांपैकी कोणाचंच चुकलं असं म्हणता येत नाही. पण मी आईच्या बाजूची आहे. देशाला तोफगोळे लागतात हे खरं, आणि ते भरणाऱ्या माणसाला हातमोजे लागतात हेही तितकंच खरं. दुसरं म्हणणाऱ्याला कोणी देशाचा वैरी ठरवू लागलं की माझं डोकं अजून फिरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुरुष कारखान्यात असताना, आई तिवारी चाचींकडे गेली. मी तिच्या मागे. आईने काही न बोलता आपला अभ्रा उलगडून दाखवला. चाची आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग त्यांनी ट्रंकेच्या मागून गुंडाळी काढली. तीन अभ्रे होते. आमच्यापेक्षा गडद.

"हमाए इते भी जो पीरो छूटत नइयां, बहू," चाची हळूच म्हणाल्या. "हम तो पीछे सुखाउत हैं. कोऊ देख ले तो कै है, इनै धोबो नईं आउत." म्हणजे हे पिवळं त्यांच्याकडेही निघत नव्हतं, आणि हिला धुता येत नाही असं कोणी म्हणू नये म्हणून त्या ते मागे वाळवत होत्या.

आई तिथेच खाली बसली. ओळीतल्या आणखी चार घरी ती त्या आठवड्यात गेली आणि चारही घरी हेच. कोणी ट्रंकेत लपवले होते, कोणी त्यांचं पोतेरं केलं होतं, एकीने तर गडद निळ्या रंगात बुडवून टाकले होते. प्रत्येकीने आईला विचारलं, वहिनी, तुम्ही कोणता साबण वापरता? प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यालाच धुता येत नाही. सहा बायका, सहा घरं, भिंतीला भिंत लागून, आणि दोन महिने प्रत्येक बाई एकटी, मागच्या अंगणात, घासत बसलेली. त्यांच्या माणसांना काहीतरी आतून खात होतं आणि या आपल्या धुण्याला दोष देत होत्या. लाज किती आतपर्यंत मुरते ते मला त्या सहा घरांनी शिकवलं.

"चाची, तुम्हारा धोना खराब नहीं है," आई परत त्यांच्याकडे येऊन म्हणाली. "किसी का नहीं है."

डिसेंबरच्या मध्यावर लढाई संपली. आपण जिंकलो. वसाहतीत पेढे वाटले गेले, आम्ही मुलं गळा बसेपर्यंत ओरडलो, बाबांनी मला सायकलवर बसवून सदर बाजारापर्यंत फिरवून आणलं. पण कारखान्याचे भोंगे काही कमी झाले नाहीत. रिकामी झालेली कोठारं पुन्हा भरायची होती. बाबांच्या डोळ्यांतलं पिवळं वाढत होतं.

आणि मग कळलं, दिल्लीहून मोठे साहेब कामगारांना शाबासकी द्यायला येणार. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. आदल्या दिवशी वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या इस्टेट कचेरीचे बाबू सायकलवरून ओळीत फिरले. "कल सामने एक भी कपड़ा नहीं दिखना चाहिए. रस्सी भी उतार लीजिए." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेही डोलावली.

संध्याकाळी ती पुन्हा त्या पाच घरी गेली. अभ्रे मागायला. चाची घाबरल्या. घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी, म्हणाल्या. झाकली मूठ, असा त्यांचा भाव. आईने जोर केला नाही. बाकी चौघींनी मात्र दिले. निळ्या रंगातला सुद्धा आला, रंगातूनही गोल दिसत होता.

सकाळी बाबा सायकल काढून गेले. त्या दिवशी सगळ्यांना कारखान्याच्या मैदानावर रांगेत उभं राहायचं होतं. ते वळणावर दिसेनासे झाले आणि आईने हंडा चढवला. ते अभ्रे तिने जीव ओतून धुतले. सोड्यात उकळले, साबण, तीन पाणी, वर नीळ सुद्धा दिली. मी म्हटलं, "आई, डाग तर दाखवायचा आहे नं, मग काहून धुऊन राहिली?" ती म्हणाली, "न धुता टांगला तर म्हणतील, बाई गलिच्छ आहे. धुऊनही राहिला, हेच तर दाखवायचं आहे." आम्ही दोघींनी एकेक झटकला. फाट् फाट् आवाज रस्त्यापर्यंत जात होता. दहा अभ्रे, समोरच्या दोरीवर, शेवग्यापासून खांबापर्यंत. प्रत्येकावर एक तपकिरी गोल, माणसाच्या डोक्याएवढा.

बाबू धावतच आले. "भाभीजी, ये क्या तमाशा है? उतारिए. साहब की गाड़ी फाटक पर आ गई."

"गीला है भैया. सूखेगा तो उतारूँगी."

"आपके आदमी की नौकरी चली जाएगी, समझती हैं?"

आईने बादलीची कडी धरली होती. कडी बादलीवर वाजत होती, मला तो बारीक आवाज अजून ऐकू येतो. ती म्हणाली, "नौकरी जाएगी तो आदमी तो घर आएगा. मुझे वही चाहिए."

बाबूंनी दोरीला हात घातला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. तिवारी चाची बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात ओले अभ्रे. तीन. त्या बाबू आणि दोरीच्या मधे उभ्या राहिल्या. "हाथ न लगइयो, लला," त्या म्हणाल्या, "अबै गीलो है." आणि आपले तिन्ही अभ्रे टांगले. चिमटे कमी पडले, म्हणून शेवटचा त्यांनी हाताने धरून ठेवला.

साहेबांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. काळ्या, काचा बंद. कोणी मान वळवलेली मला दिसली नाही. इतकं सगळं करून काहीच झालं नाही असं वाटून मी रडायच्या बेतात होते. पण ताफ्याच्या शेवटी दवाखान्याची जीप होती, आणि ती पुढे जाऊन थांबली. दवाखान्यातले नवे डॉक्टर उतरले, तरुण होते. चालत मागे आले. त्यांनी एक अभ्रा दोन बोटांत धरला, उन्हाकडे केला. त्यांचा चेहरा बदलला.

"ये कब से है?"

"दशहरे से," आई म्हणाली. "और ये हल्दी नहीं है, डॉक्टरसाहब. हमने धूप में देख लिया है."

"कौन-से सेक्शन के लोग हैं?"

आईने बाबूंकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "सेक्शन हमको नहीं मालूम. वो बताना मना है. घर मालूम है." आणि तिने बोटाने एकेक दाखवलं. हा तीन नंबरचा, हे दोन पाच नंबरचे, हा आमचा, हे चाचींचे. डॉक्टरांनी खिशातून वही काढून घरांचे नंबर लिहून घेतले. बाबांचा शब्द तिने मोडला नाही. एकही बाई कारखान्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलले ते अभ्रे.

आठवड्याभरात सहाही जणांना दवाखान्यात बोलावून रक्त तपासलं. बाबांना त्या खात्यातून काढून कोठारात टाकलं. चाचांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. पुढे त्या खात्यात हातमोजे आले, तोंडाला बांधायला फडकी आली, माणसं पाळीपाळीने बदलू लागली असं ऐकलं. आईला कोणी शाबासकी दिली नाही. बाबूंनी आमच्या समोरच्या दोरीबद्दल इस्टेटीचा एक कागद मात्र पाठवला, तो आईने चूल पेटवायला घेतला.

आणि बाबा? बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. "घरची धुणी चव्हाट्यावर आणली तू," एवढंच एकदा म्हणाले. आई म्हणाली, "धुतलं घरीच. चव्हाट्यावर फक्त वाळवलं." पण त्यांना हसू आलं नाही. आपली उशी साऱ्या वसाहतीने पाहिली याचा त्यांना फार त्रास झाला. ते उशी बाजूला सारून हातावर डोकं ठेवून झोपू लागले. संक्रांत तशीच गेली, तिळगूळ घेऊनही. आईने मनधरणी केली नाही. ती रोज सकाळी त्यांच्या डोक्याखालची चादर तेवढी पाहायची.

हळूहळू भूक आली. डोळे निवळले. महिन्याभराने उशी पुन्हा डोक्याखाली आली, ती कधी आली ते आम्ही विचारलं नाही. होळीच्या आधीच्या एका रविवारी आईने त्यांचा अभ्रा धुतला, दोरीवर टाकला, दुपारी उतरवला आणि उन्हात धरला. मग तशीच उभी राहून तिने हाक मारली, "अहो, जरा बाहेर या." बाबा आले. अभ्रा पांढरा होता. नुसता पांढरा, एका कडेला निळीची पुसट झाक. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात अभ्र्यात होते. बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी अभ्र्याची दुसरी दोन टोकं धरली आणि ते दोघे तो ओढू लागले, घडीच्या आधी ओढतात तसा, ती एकीकडे, ते दुसरीकडे. ते माझं काम होतं. मी त्या दिवशी ते मागितलं नाही.

बाबा नातवंडं पाहून गेले. तिवारी चाचा त्याच उन्हाळ्यात गेले. दवाखान्यातून घरी आले होते, ओसरीवर बसत होते, मग पुन्हा पडले. चाची म्हातारपणी आमच्याकडे आल्या की समोर बसून म्हणायच्या, दसऱ्यालाच अभ्रा समोर टांगला असता तर. आई त्यांचा हात हातात घेऊन बसायची.

ते दोन टीचभर तुकडे आईने टाकले नाहीत. तिच्या मागे माझ्याकडे आले. एक हळदीचा, तो पांढराशुभ्र. दुसरा बाबांचा, तपकिरी, अजून तेवढाच गडद. मी तोफगोळ्यांत भरायच्या स्फोटकाच्या त्या रंगाचं नाव, त्याची सूत्रं, सोड्यात तो लाल का होतो, उन्हात काळवंडतो का, सगळं पुढे शिकले आणि शिकवलं. दर डिसेंबरला मी दोन्ही तुकडे साध्या पाण्यातून काढते आणि वाळत घालते. दोन्हींना एकच ऊन.

आज सकाळी ते पलंगपोसाशेजारी टांगले आणि तासाभरात घंटी वाजली. सचिव होते. तरुण आहे, स्वभावाने चांगला आहे, येता-जाता माझी भाजीची पिशवी वर आणून देतो. संकोचून उभा होता. "आंटीजी, नोटिस तो पढ़ा होगा आपने." मी म्हटलं, पढ़ा बेटा, दो बार. तो हसला, मग बाल्कनीकडे बोट करून हळू आवाजात म्हणाला, "कम से कम वो दाग़ वाला कपड़ा अंदर कर लीजिए. लोग देखकर कहेंगे, आंटीजी को धोना नहीं आता."

मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि बाल्कनीत गेले. वारं सुटलं होतं. बाबांचा तुकडा एकाच चिमट्यावर फडफडत होता, रस्त्याकडे तोंड करून. मी तो काढला नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चिमटा लावला.